एलडीएल ११२

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर तीन रकाने असतात. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये आकडा आणि उजवीकडे नॉर्मलची मर्यादा. आकडा मर्यादेत बसला तर साध्या टायपात छापला जातो, बाहेर गेला तर ठळक. नाशिकमधल्या शरणपूर रोड परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीसहून अधिक वर्षं रक्त काढणाऱ्या, नळ्या फिरवणाऱ्या आणि आकडे पडताळून डॉक्टरांपुढे सहीला ठेवणाऱ्या एक तंत्रज्ञ आहेत. पेशंट त्यांना ताई म्हणतात. डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका करून त्या या कामात आल्या, तेव्हा उजवीकडचा रकाना म्हणजेच निकाल, असं त्या धरून चालत. हा समज मोडला तो ल्युपसच्या पेशंटमुळे. एका दिवसात नाही, कित्येक वर्षांत.

ल्युपस, डॉक्टरांच्या भाषेत एसएलई, हा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार आहे. पेशीच्या केंद्रातल्या डीएनएविरुद्धसुद्धा शरीर अँटिबॉडी तयार करतं. सांधे, त्वचा, मूत्रपिंडं, रक्तपेशी, फुप्फुसांचं आणि हृदयाचं आवरण, कुठेही सूज येऊ शकते. दहा पेशंटमध्ये नऊ बायका असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात गाठतो. शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण सगळं याच वयात असतं.

दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेली एक पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे सुमारे तीन पेशंट सापडले होते. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. त्या प्रमाणाने जिल्ह्यात दोनशेच्या आसपास पेशंट निघतील. पण ओळखणारा डॉक्टर आणि तपासणारी लॅब जवळ नसेल, तर हा आजार मोजलाच जात नाही. कोणी संधिवाताच्या गोळ्या घेत राहतं, कोणी अंगात रक्त कमी आहे म्हणून टॉनिक. ताई कामाला लागल्या तेव्हा ल्युपसच्या चाळणीसाठी करायच्या एएनए तपासणीचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून मुंबईला पाठवावे लागत. पेशंटही सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरत आणि परळच्या केईएम रुग्णालयात रांगेला लागत. आता शहरात संधिवाततज्ज्ञ आहेत, तपासण्याही इथेच होतात. पूर्वी ज्या बायका कुठल्याच यादीत नव्हत्या, त्या आता दर तीन महिन्यांनी लॅबच्या खुर्चीत बसतात.

सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की खाली लाल थर बसलेला असतो आणि वर फिकट पिवळं, आरपार दिसणारं सीरम. एका सकाळी वरचा थर दुधाळ निघाला. पेशंट होती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी. डोळ्यांखाली सूज, पाय सुजलेले, चपलेचे पट्टे रुतलेले. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या पुढे आणि एकूण कोलेस्टेरॉल साडेतीनशेच्या वर. सोबत आलेल्या आईने रिपोर्ट पाहिला आणि काउंटरवरच मुलीला रागे भरायला सुरुवात केली. मेसचं तेलकट खातेस, रविवार आला की मिसळ, मग हेच होणार. मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

त्याच दिवशी तिच्या लघवीत भरपूर प्रथिनं सापडली होती. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जायला लागली की ती भरून काढायला यकृत जोराने कामाला लागतं आणि त्याबरोबर चरबी वाहून नेणारे कणही जास्त बनवतं. कोलेस्टेरॉल असं वाढतं, तेव्हा मिसळीला दोष देऊन उपयोग नसतो. पुढे किडनीची बायोप्सी झाली आणि ल्युपस नेफ्रायटिस असल्याचं कळलं. उपचार लागू पडले. काही महिन्यांनी तिचं सीरम पुन्हा आरपार दिसायला लागलं. मधल्या काळात खाण्यात फारसा फरक पडला नव्हता. फरक पडला होता मूत्रपिंडात.

या मुलीच्या रिपोर्टने आणखी एक गोष्ट शिकवली. अनेक लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा आणि उरेल ते एलडीएल. फ्रीडवाल्ड यांचं हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि रोजच्या कामाला ते पुरतं. पण ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की ते चालत नाही. ल्युपस जोरात असतो तेव्हा ट्रायग्लिसराइड वाढतं आणि एचडीएल उतरतं. साओ पावलोमधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये हे बारकाईने नोंदवलं. सूज उतरवायला दिलेलं स्टेरॉइड त्यावर साखर, रक्तदाब आणि वजन वाढवतं ते वेगळंच. त्या मुलीच्या रिपोर्टनंतर ताई अशा नमुन्यांवर सूत्राचा आकडा जाऊ देत नाहीत, एलडीएल थेट मोजून घेतात.

दुसरा धडा मिळाला तो कोलेस्टेरॉलच्या नसलेल्या तपासणीतून.

गरोदरपणात व्हीडीआरएल नेमाने करतात. ही सिफिलिसची चाळणी. दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण बाईची ही तपासणी रिअॅक्टिव्ह आली, अगदी कमी प्रमाणात. तिसरं गरोदरपण होतं, आधीची दोन्ही पोटात वाढता वाढता थांबलेली. रिपोर्ट न्यायला नवरा आणि सासू आले होते. गुप्तरोगाचं नाव घरात गेलं असतं तर त्या बाईचं पुढे काय झालं असतं, हे ताईंना सांगायची गरज नव्हती. रिपोर्ट काउंटरवरून हातात दिला गेला नाही. तो पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे गेला आणि खात्रीची टीपीएचए तपासणी झाली. ती निगेटिव्ह निघाली. मग निळ्या टोपीच्या नळीत रक्त घेऊन एपीटीटी केली. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला होता आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळूनही तो कमी होईना.

या कोड्याचं उत्तर व्हीडीआरएलच्या बाटलीतच असतं. तिच्या रसायनात तीन पदार्थ असतात: कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. ल्युपसच्या काही पेशंटच्या रक्तात चरबीयुक्त पदार्थांविरुद्धच अँटिबॉडी असतात, त्या या मिश्रणाला जाऊन चिकटतात आणि सिफिलिस नसतानाही तपासणी रिअॅक्टिव्ह दिसते. बाल्टिमोरमधल्या मूर आणि मोर या डॉक्टरांनी १९५२ सालीच अशा फसव्या निकालांबद्दल लिहिलं होतं. असा निकाल आलेल्यांपैकी काहींना पुढे ल्युपस होतो, हेही त्यांना दिसलं होतं. याच अँटिबॉडी नळीत रक्त उशिरा गोठवतात आणि शरीरात मात्र नको तिथे गुठळ्या करतात. वारेत गुठळी झाली तर गर्भ दगावतो. मेंदूत झाली तर पक्षाघात. हृदयाच्या धमनीत झाली तर झटका.

त्या बाईला अॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलगी सुखरूप जन्मली. बाळाला घेऊन ती लॅबमध्ये पेढे द्यायला आली होती. ताईंच्या मनात मात्र दुसरी गोष्ट पक्की झाली. प्रतिकारशक्ती आणि चरबी या दोन गोष्टी त्या आजवर दोन वेगळ्या टेबलांवर तपासत होत्या. शरीरात ते टेबल एकच होतं.

तरीही खरं वळण आलं ते एलडीएल ११२ या आकड्याने.

इंदिरानगरमधल्या एका शिक्षिकेचं रक्त घ्यायला ताई घरी जात. वय सदतीस, ल्युपस अकरा वर्षांपासून. गालावरचा चट्टा केव्हाच गेलेला, सांधे शांत, शाळा नियमित सुरू. प्रेडनिसोलोनची छोटी गोळी मात्र इतक्या वर्षांत कधी पूर्ण बंद झाली नव्हती. स्टेरॉइडने त्वचा इतकी पातळ झालेली, की सुई काढल्यावर बराच वेळ कापूस दाबून धरावा लागे, नाहीतर काळंनिळं पडे. त्या दिवशी बोलता बोलता बाई म्हणाल्या, वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढले की छातीत जळजळतं, जबडाही दुखतो, परीक्षेच्या दिवसांत पित्त फार वाढलंय. ताईंनी हे डॉक्टरांच्या कानावर घाला असं सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

रिपोर्ट आला. एलडीएल ११२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १४० च्या आसपास. सगळं साध्या टायपात. तीन आठवड्यांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, त्या वाचल्या. काही दिवसांनी त्यांचे यजमान फाइल घेऊन लॅबमध्ये आले. आवाजात राग नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, की मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?

रिपोर्ट बरोबरच होता. नमुना पुन्हा तपासला असता तरी ११२च आलं असतं. पण तो रिपोर्ट कोलेस्टेरॉल किती आहे एवढंच सांगत होता. ते कुणाच्या शरीरात आहे आणि तिथे त्याचं काय होतंय, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. लॅबच्या डॉक्टरांनी जुने शोधनिबंध काढून दिले आणि संध्याकाळचं काम आवरलं की दोघं ते वाचायला बसू लागले.

टोरंटोचे डॉ. मरे युरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लिहिलं होतं, की ल्युपसमधले मृत्यू दोन टप्प्यांत होतात. सुरुवातीच्या काळात पेशंट जातात ते आजाराच्या भडक्याने आणि जंतुसंसर्गाने. त्यातून जे तगतात, त्यांच्यातले काही पुढे हृदयविकाराने जातात, तेही आजार शांत दिसत असताना. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या डॉ. सुझन मॅन्झी यांनी ल्युपस असलेल्या ४९८ स्त्रियांची तुलना फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतल्या स्त्रियांशी केली. ३५ ते ४४ या वयात ल्युपसच्या स्त्रियांना झटका येण्याचं प्रमाण पन्नास पटींहून अधिक निघालं. हा आकडा पेशंटना सांगताना ताई एक गोष्ट नेहमी जोडतात. या वयात निरोगी बाईला झटका येणं फारच विरळ असतं, त्यामुळे पन्नास पट म्हणजे प्रत्येकीला झटका येणार असं मुळीच नाही. पण चाळिशीच्या आतल्या बाईच्या छातीतलं दुखणं पित्तावर ढकलता येणार नाही, इतका त्याचा अर्थ नक्की आहे.

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या १९७ पेशंटच्या मानेतल्या धमन्या सोनोग्राफीने तपासल्या. ३७ टक्के पेशंटच्या धमन्यांत चरबीचे थर होते. त्याच वयाच्या निरोगी लोकांत हे प्रमाण १५ टक्के होतं. वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल हे नेहमीचे धोके जमेस धरूनही फरक उरतच होता. म्हणजे आजार स्वतःच धमनीवर काम करत होता.

ते कसं, हे समजायला एचडीएलची गोष्ट उपयोगी पडते. एचडीएल ही शरीराची घंटागाडी. धमनीच्या भिंतीतलं जादा कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृताकडे नेऊन टाकायचं. शिवाय ती एलडीएलला ऑक्सिडाइझ होण्यापासून, सोप्या शब्दांत खराब होण्यापासून, वाचवते. खराब झालेलं एलडीएल मॅक्रोफेज पेशी गिळतात, फुगून धमनीच्या भिंतीत बसतात आणि तिथूनच थर वाढायला लागतो. लॉस एंजेलिसमधल्या डॉ. मॅकमेहन आणि डॉ. हान यांच्या गटाने २००६ मध्ये ल्युपस असलेल्या स्त्रियांचं एचडीएल तपासलं. ४४ टक्क्यांहून अधिक जणींमध्ये ते राखण करण्याऐवजी दाह वाढवणारं निघालं. निरोगी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. घंटागाडी गल्लीत येत होती, पण कचरा उचलण्याऐवजी सांडून जात होती. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये फक्त गाड्या मोजल्या जातात.

एचडीएल बिघडतं कशाने, याचाही माग लागला आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना अडकवायला स्वतःतल्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ल्युपसमध्ये ही जाळी जंतू नसतानाही पसरते. तिच्यावरची एन्झाइम्स एचडीएलला ऑक्सिडाइझ करतात, हे मिशिगनच्या डॉ. मारियाना कॅप्लान यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं. दुसऱ्या बाजूने कोलेस्टेरॉलही प्रतिकारशक्तीवर परिणाम करतं. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं आणि टी पेशींच्या आवरणात त्याचे दाट पट्टे असतात. बाहेरचा संदेश आत पोचतो तो या पट्ट्यांमधून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांना ल्युपसच्या पेशंटमध्ये हे पट्टे बदललेले आणि टी पेशी लवकर भडकणाऱ्या आढळल्या. प्रयोगशाळेत त्या पेशींवर अॅटॉरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध वापरल्यावर संदेशांतला बिघाड सुधारला.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल, की मग प्रत्येक पेशंटला स्टॅटिनची गोळी सुरू करावी. ताईंनाही तसंच वाटलं होतं. तो प्रयोगही झालेला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. मिशेल पेट्री यांनी ल्युपसच्या दोनशे पेशंटना दोन वर्षं अॅटॉरव्हास्टॅटिन किंवा नुसती खोटी गोळी दिली. २०११ मध्ये निकाल आला. धमन्यांतलं कॅल्शियम आणि चरबीचे थर या दोन्हींत गटागटांत फरक पडला नव्हता. ज्यांचं एलडीएल जास्त आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा आधी झटका आलेला आहे, त्यांना स्टॅटिन लागतंच, आणि त्या शिक्षिका ते आजही घेतात. पण सरसकट सगळ्यांना एक गोळी, असा सोपा रस्ता निघाला नाही. बाळ हवं असणाऱ्या तरुण मुलींच्या बाबतीत तर डॉक्टर हा निर्णय आणखी जपून घेतात.

जे औषध खरोखर पायाचं ठरलं, ते मलेरियाचं होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्युपसचा भडका रोखतं, एलडीएल आणि साखर थोडी उतरवतं, गुठळ्यांचा धोका कमी करतं. १९९१ साली कॅनडात झालेल्या चाचणीत ही गोळी बंद केलेल्यांमध्ये आजार उसळण्याचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांच्या अडीच पट होतं. वजनाच्या दर किलोमागे रोज पाच मिलिग्रॅमच्या आत मात्रा ठेवायची, सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, एवढं पथ्य. साधी, स्वस्त, रोजची गोळी. म्हणूनच अनेक पेशंट ती सर्वांत आधी सोडतात. बरं वाटतंय, मग कशाला, असं म्हणून.

२०२० च्या मार्चमध्ये या गोळीचं मोल सगळ्या जगाला एकदम कळलं. करोनावर ती चालेल अशी हवा झाली. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी ती सुचवली, २५ मार्चला निर्यातीवर बंदी आली आणि २६ मार्चला केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले. दुकानांतून ती दिसेनाशी झाली. लॉकडाउनमध्ये लॅब अत्यावश्यक सेवेत उघडी होती. ताईंचा फोन त्या दिवसांत थांबत नव्हता. जुनी चिठ्ठी चालत नाही, नवी द्यायला डॉक्टरांची ओपीडी बंद, आणि पाकिटात चार गोळ्या उरलेल्या. पेशंटनी व्हॉट्सअॅपवर एकमेकींना शोधलं. निफाडहून एकीने सिन्नरच्या दुसरीसाठी भाजीच्या गाडीतून गोळ्यांची पाकिटं पाठवली. ज्यांची गोळी बरेच आठवडे चुकली, त्यांच्यातल्या दोघींच्या लघवीत जूनमध्ये पुन्हा प्रथिनं दिसली. गोळीमुळेच झालं असं दोन नमुन्यांवरून म्हणता येत नाही. पण त्या उन्हाळ्यानंतर ओळखीच्या पेशंटपैकी कुणी ती गोळी सहज सोडल्याचं ताईंनी ऐकलेलं नाही.

लॅबमध्ये न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीही ताई पेशंटकडूनच शिकल्या. येवल्याकडच्या एका बाईंना प्रत्येक डॉक्टरने विचारलं होतं, सिगारेट ओढता का. त्या दरवेळी खरं तेच सांगत, नाही. रक्त काढताना ताईंना त्यांच्या दातांवरचा काळपटपणा दिसला आणि त्यांनी विचारलं, मावशी, मिश्री लावता का? बाई हसून म्हणाल्या, ती तर लग्नाच्या आधीपासून, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. भाजलेली तंबाखू दिवसातून दोन-तीनदा हिरड्यांवर, आणि कुठल्याच केसपेपरवर तिची नोंद नाही. तेव्हापासून ताई नमुना घेताना तंबाखू कुठल्या रूपात, असं विचारतात. मिश्री, गुटखा, जे असेल ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे जातं.

लॅबच्या खुर्चीशेजारी आता रक्तदाबाचं यंत्रही आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपसच्या पेशंटसाठी १३०/८० च्या खाली रक्तदाब ठेवण्याचा विचार करावा, असं २०२२ मध्ये सुचवलं. पुढच्या वर्षी स्टेरॉइडची कायमची मात्रा दिवसाला पाच मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. अर्थात स्टेरॉइड मनाने कमी करायचं नसतं, एकदम बंद तर कधीच नाही. ते कमी करण्याचं वेळापत्रक डॉक्टरच आखतात. ताई फक्त विचारतात, की गेल्या वेळेपेक्षा गोळी कमी झाली का, आणि उत्तर चिठ्ठीवर टिपतात.

व्यायामाचा प्रश्न नाशिकच्या उन्हाशी जोडलेला आहे. ल्युपसला ऊन सोसत नाही आणि हृदयाला चालणं हवं. शहरातल्या पेशंट उजाडायच्या आत गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या मारून घरी परततात. द्राक्षपट्ट्यातल्या बायकांना ही सोय नाही. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम असतं आणि मजुरी रोजावर मिळते. पिंपळगावच्या एकीने यावर स्वतःच तोड काढली. ती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून सकाळच्या टोळीत जाते, अकराला पॅकिंगच्या शेडमध्ये सावलीत बसते. मुकादमाला तिने आजार नीट समजावून सांगितला. ताई ही तोड इतर पेशंटना सांगतात, कारण ऊन टाळा हा सल्ला देणं सोपं आहे आणि रोज बुडवणं अवघड.

भारतीय माणसाला मुळातच हृदयविकार लवकर गाठतो. इंटरहार्ट या जागतिक पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतर देशांत ते जवळपास ५९ होतं. या लवकर येणाऱ्या धोक्यात ल्युपसची भर पडते, तेव्हा बाहेर तयार झालेले तक्ते जसेच्या तसे पुरे पडत नाहीत. ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या क्यूरिस्क या गणकयंत्रात २०१७ पासून ल्युपस आहे का आणि स्टेरॉइड चालू आहे का, हे दोन प्रश्न आले. आपल्याकडच्या लिपिडच्या मागणीपत्रावर बहुतेक वेळा वय, लिंग आणि उपाशीपोटी आहात का, एवढंच असतं.

ताईंच्या लॅबने ते मागणीपत्र बदललं. पत्रात आता जुना आजार आणि चालू औषधं यांसाठी दोन ओळी आहेत. ल्युपस लिहिलेलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टखाली शेरा देतात, की आकड्यांचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हृदयाच्या एकूण धोक्यासह लावावा. छोटा बदल आहे. काही डॉक्टरांनी फोन करून आभार मानले, काहींनी याची काय गरज म्हणून विचारलं. ताईंनी दोघांनाही तीच शिक्षिकेची फाइल सांगितली, नाव न घेता.

शिकायला येणाऱ्या नव्या मुलामुलींना त्या पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी सांगतात. सीरम दुधाळ दिसलं तर लघवीचा रिपोर्ट उघडून बघ. गरोदर बाईची व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आली तर काउंटरवर एक शब्द बोलू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा. पेशंट बोलत असेल तर सुई काढून झाल्यावरही दोन मिनिटं थांब, कारण तिने घरी न सांगितलेलं ती तुला सांगत असते. आणि छातीत जळजळ हे शब्द ऐकलेस तर त्याच क्षणी लॅबच्या डॉक्टरांना बोलाव.

गेल्या पावसाळ्यात यातली शेवटची गोष्ट उपयोगी पडली. सातपूरच्या कारखान्यात काम करणारी एकतीस वर्षांची मुलगी नेहमीच्या तपासणीला आली. रक्त घेणाऱ्या शिकाऊ मुलाला ती सहज म्हणाली, की दोन दिवस छाती भरून येतेय, वाकून बसलं की बरं वाटतं. मुलाने लगेच डॉक्टरांना बोलावलं. पंधरा मिनिटांत ती रिक्षाने कॅज्युअल्टीला पोचली. दारातच तिच्या भावाने सांगितलं, हिला ल्युपस आहे. ईसीजी झाला, हृदयाला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिन तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली, इको झाला. झटका नव्हता. हृदयाच्या आवरणाला सूज होती आणि थोडं पाणी साठलं होतं. औषधांनी ते उतरलं.

ती आता बरी आहे, कामावर जाते. तिची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर ल्युपसचा जोर सांगणाऱ्या डीएसडीएनए, सी३, सी४ या तपासण्या, लघवीतली प्रथिनं, साखर, थेट मोजलेलं एलडीएल आणि रक्तदाब हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं आहे. सगळे आकडे एकाच कागदावर छापून संधिवाततज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांकडे जातील.